दुसऱ्या शस्त्रक्रियेचं बिल कोणाचं?

‘हौसेनं केलंस ना, मग आता भोग.’ नाक, पोट, स्तन किंवा डोक्यावरचे केस यांसाठी शस्त्रक्रिया करून घेतली आणि मनासारखं झालं नाही, असं सांगणाऱ्या माणसाला घरात आणि मित्रमंडळींत मिळणारं पहिलं उत्तर हे असतं. डॉक्टरांच्या खोलीत तेच उत्तर सभ्य शब्दांत मिळतं. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, निकालाची हमी देता येत नाही, तुम्ही संमतिपत्रावर सही केलेली आहे, परत करून घ्यायचं असेल तर खर्च तुमचा. दोन्ही उत्तरांच्या मुळाशी समजूत एकच आहे: गरज नसताना केलेल्या शस्त्रक्रियेतून आलेली नाराजी हा रुग्णाचा खासगी प्रश्न आहे आणि तिचा खर्चही त्याचाच.

ही समजूत चुकीची आहे, आणि ज्यांच्यावर ती लादली जाते त्यांच्यावर ती अन्याय करते. जी शस्त्रक्रिया आजार बरा करण्यासाठी नसून समाधानासाठी विकली जाते, तिच्यात असमाधानाची शक्यता आणि त्या असमाधानाचा खर्च हा व्यवहाराचा मुख्य भाग असतो. तो पहिल्या शस्त्रक्रियेआधी, आकड्यांसह, कागदावर यायलाच हवा. जिथे तो सांगितला गेला नाही, तिथे दुसऱ्या शस्त्रक्रियेचा भार न सांगणाऱ्यानं उचलायला हवा. या म्हणण्याविरुद्ध जे युक्तिवाद केले जातात, ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद हौसेचा. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगताना आपल्याकडे सुश्रुताचं नाव येतं आणि पाठोपाठ कावसजीचं. इंग्रजांच्या फौजेतल्या या बैलगाडीवाल्याचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं होतं. पुण्याजवळ एका देशी कारागिरानं कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा उभं केलं. ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातल्या शल्यविशारदांनी ती पद्धत उचलली. हा वारसा अभिमानाचाच आहे. पण कावसजीला गमावलेलं नाक परत मिळालं. आज ज्या व्यवहाराबद्दल मी बोलतो आहे त्यात धडधाकट नाकाचा आकार बदलला जातो. हा फरक आपल्या कायद्यालाही मान्य आहे. २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात आरोग्यसेवेला माफी आहे, पण त्या माफीतून केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना सुधारायची असेल तरच माफी लागू होते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांतही हीच रेघ ओढलेली आहे: अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर विमा, बाकी सौंदर्यशस्त्रक्रियेला विमा नाही.

म्हणजे पैसे घेताना ही कर लागणारी, बाजारभावानं विकली जाणारी सेवा आहे. सवलती, पॅकेज, हप्त्यांची सोय, सगळं त्या हिशेबानं चालतं. मग निकाल फसल्यावर तीच गोष्ट एकदम वैद्यकाच्या गूढ अनिश्चिततेत कशी शिरते? सेवा म्हणून विकली असेल, तर सेवेची जबाबदारीही तिच्यासोबत यायला हवी. शिवाय फसलेल्या निकालाचा खर्च विमा देत नाही, म्हणजे हा रुग्ण इतर कुठल्याही रुग्णापेक्षा अधिक उघडा पडलेला असतो. त्याला अधिक माहिती मिळायला हवी होती. प्रत्यक्षात सर्वांत कमी मिळते.

आणि हौस म्हणताना आपण कोणाबद्दल बोलतो आहोत, तेही पाहावं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या नाकावर, रंगावर, जाडीवर शेरे मारणारा समाज आपलाच आहे. टक्कल पडलेल्या मुलाचा फोटो स्थळांच्या यादीत मागे ठेवणारेही आपणच. त्या दबावाखाली कर्ज काढून शस्त्रक्रिया करणाऱ्याला नंतर हौशी ठरवणं दुटप्पीपणाचं आहे. आणि क्षणभर धरून चालू की ती निव्वळ हौसच होती. हौसेनं घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाचा हक्क कमी होतो, असं कुठलाही कायदा म्हणत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवं. डॉक्टर म्हणतात, आमची फी प्रयत्नाची आहे, निकालाची नाही. हे वैद्यकशास्त्राला धरून आहे. जखम कशी भरेल, व्रण किती जाड राहील, हे हाताच्या कौशल्यावर पूर्णपणे अवलंबून नसतं. सर्वोच्च न्यायालयानंही २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे की केवळ उपचार अपयशी ठरला म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत ‘बरं वाटलं नाही तर पैसे नाहीत’ असा करार करणं अनैतिक ठरवलेलं आहे. हा नियम मलाही योग्य वाटतो. निकालावर फी ठरू लागली तर अवघड रुग्णाला कोणी हातच लावणार नाही.

पण त्याच नियमावलीच्या त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. डॉक्टरनं आपली फी उपचाराआधी सांगावी, शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर किंवा झाल्यानंतर नव्हे. फेरशस्त्रक्रियेची अट आधी लिहिणं म्हणजे निकालावर फी ठरवणं नव्हे. ती फी आधी जाहीर करणं आहे, म्हणजे नियम जे सांगतो तेच. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेल्या चेहऱ्यानं समोर बसलेल्या माणसाला दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आकडा पहिल्यांदा सांगणं हे या नियमाच्या भावनेच्या विरुद्ध आहे. त्या क्षणी त्याच्याकडे घासाघीस करण्याची ताकद उरलेली नसते.

शिवाय प्रयत्नाची फी घेणाऱ्यानं प्रयत्न विकायला हवा. विकलं काय जातं? बिफोर-आफ्टरचे निवडक फोटो, संगणकावर तयार केलेलं भावी नाक, काउन्सेलर म्हणून बसवलेल्या विक्रेत्याचं ‘कोणाला कळणारसुद्धा नाही’ हे आश्वासन, आजच पैसे भरले तर मिळणारी सूट. २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांना जाहिरात करून रुग्ण ओढण्यास बंदी आहे; क्लिनिकच्या साखळ्या कंपनीच्या नावानं तेच काम करतात. निकालाचं चित्र दाखवून पैसे घ्यायचे आणि निकाल न आल्यावर फी प्रयत्नाची होती म्हणायचं, हे दोन्ही एकाच माणसाला करता येणार नाही. जो सर्जन चित्र न दाखवता धोके सांगतो, त्याचा युक्तिवाद मी मान्य करतो. असे सर्जन आहेत, आणि अडचण त्यांची नाही.

आता फेरशस्त्रक्रिया म्हणजे प्रत्यक्षात काय, हे बघितल्याशिवाय खर्चाची चर्चा पोकळ राहते. नाकाचंच घ्या. शस्त्रक्रियेनंतर नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणून जबाबदार सर्जन साधारण बारा महिने दुसऱ्यांदा हात लावत नाहीत. दुसऱ्या वेळी आत व्रणाच्या ऊती चिकटलेल्या असतात, थर वेगळे करणं जिकिरीचं असतं. पहिल्या वेळी आधारासाठी नाकाच्या पडद्याची कूर्चा वापरलेली असेल तर ती उरलेली नसते. मग कानाची किंवा बरगडीची काढावी लागते. म्हणजे आणखी एक जखम, जास्त वेळ भूल, जास्त अनुभवी हात. वैद्यकीय साहित्यात नाकाच्या फेरशस्त्रक्रियेचं प्रमाण साधारण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान सांगितलं जातं. केसांच्या बाबतीत लावलेले बरेचसे केस आधी गळतात, मग उगवतात, आणि खरा निकाल कळायला नऊ ते बारा महिने जातात. डोक्याच्या मागच्या भागातून काढता येतील असे केस मर्यादित असतात. पहिल्या वेळी ते उधळले गेले तर दुसऱ्या वेळी लावायला काही राहत नाही. स्तनातली इम्प्लांट्स आयुष्यभर टिकणारी नसतात. त्यांच्याभोवतीचं आवरण आवळून घट्ट होऊ शकतं, ती फाटू शकतात, आणि जितकी वर्षं जातात तितकी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता वाढते.

याचा अर्थ सरळ आहे. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते आणि बऱ्याचदा महागही. ‘फ्री टच-अप’ या दोन शब्दांत ती झाकली जाते. मोफत काय, हे विचारलं तर बहुधा फक्त सर्जनची फी. भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधं, प्रेशर गारमेंट, बिनपगारी रजा, गावाहून येण्याजाण्याचा खर्च, आणि आधीच्या कर्जाचे सुरू असलेले हप्ते, हे सगळं रुग्णाकडेच राहतं. आणि हव्या तितक्या वेळा मोफत करून देण्याचं आश्वासन तर त्याहून घातक. रुग्णाला वारंवार टेबलावर घेण्याचा तो परवाना ठरतो. मला मोफत फेऱ्या नको आहेत. मला आधी लिहिलेली, मर्यादित, आकड्यांची अट हवी आहे.

तिसरा युक्तिवाद रुग्णाच्या मनाबद्दल आहे. काही माणसं कधीच समाधानी होत नाहीत, असं सर्जन सांगतात, आणि ते खोटं नाही. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर या मानसिक विकारात माणसाला न दिसणारा किंवा नगण्य दोष प्रचंड वाटतो. शस्त्रक्रियेनं त्याला क्वचितच आराम पडतो. असमाधान दुसऱ्या अवयवाकडे सरकतं. पण या युक्तिवादाचा निष्कर्ष सर्जनच्या विरुद्ध जातो. असा रुग्ण ओळखणं आणि त्याला नाही म्हणणं हे शस्त्रक्रियेआधीचं काम आहे. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यक मंडळानं जुलै २०२३ पासून सौंदर्यशस्त्रक्रियेआधी या विकाराची चाचपणी, फॅमिली डॉक्टरचं पत्र, किमान दोन भेटी आणि सात दिवसांचा विचारकाळ बंधनकारक केला. फेरशस्त्रक्रियेचा संभाव्य खर्च आधी सांगणं हाही तिथल्या मार्गदर्शक तत्त्वांचा भाग आहे. फ्रान्समध्ये तपशीलवार लेखी अंदाजपत्रक दिल्यानंतर पंधरा दिवस शस्त्रक्रिया करता येत नाही. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये सांगितलं की विचाराला वेळ द्यावा, संमती सर्जननं स्वतः घ्यावी, शस्त्रक्रिया बक्षीस म्हणून देऊ नये. हे देश डॉक्टरांचे शत्रू नाहीत. ज्या रुग्णाला तपासणीत थांबवता आलं असतं त्याचे पैसे घेतल्यावर त्याच्या मनाला दोष देणं, हे त्यांनी अमान्य केलं आहे.

चौथा युक्तिवाद असा की ग्राहक न्यायालय आहेच, ज्याला तक्रार आहे त्यानं तिथे जावं. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, हे मोठं काम झालं. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेच्या तक्रारीला शुल्कही नाही. पण तिथे सिद्ध करायचा असतो निष्काळजीपणा. त्यासाठी बहुधा दुसऱ्या सर्जनचं मत लागतं, आणि आपल्याच बिरादरीविरुद्ध लेखी मत देणारा सर्जन सहज मिळत नाही. बहुसंख्य नाराजी मधल्या पट्ट्यात बसते. निष्काळजीपणा झालेला नाही, आणि दाखवलेला निकालही आलेला नाही. या पट्ट्यात न्यायालय फारसं काही देऊ शकत नाही. तिथे आधी लिहिलेला करारच उपयोगी पडतो.

त्यात मुदतीचा फास आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षं मिळतात. नाकाचा किंवा केसांचा निकाल कळायलाच एक वर्ष जातं. पुढचे महिने ‘अजून थोडं थांबा’, ‘पुढच्या महिन्यात करून टाकू’ यात निघून जातात. दोन वर्षं उलटली की क्लिनिकचा सूर बदलतो. योग्य कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण ती आयोगाची मर्जी, रुग्णाचा हक्क नव्हे. म्हणून प्रत्येक ‘थांबा’ लेखी मागून घ्यावं. कागदपत्रांची प्रत मागितल्यावर बहात्तर तासांत द्यावी, असं २००२ च्या नियमांत आहे. ती पहिल्या नाराजीच्या दिवशीच मागावी.

आणि संमतिपत्र? त्यावरची सही म्हणजे सगळ्या हक्कांवर पाणी, असं रुग्णाला भासवलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या समीरा कोहली खटल्यात संमतीचा अर्थ स्पष्ट केला. रुग्णाला शस्त्रक्रियेचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके कळतील इतकी माहिती दिलेली असेल तरच ती खरी संमती. दूरच्या, क्वचित घडणाऱ्या धोक्यांची जंत्री वाचून दाखवायची गरज नाही, हेही न्यायालयानं मान्य केलं. पण नाकाच्या शस्त्रक्रियेत फेरशस्त्रक्रिया ही दूरची शक्यता नाही. ती न सांगता घेतलेली सही अपुरी आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ‘कुठेही दाद मागणार नाही’ असं लिहून घेतलेलं कलम तर टिकणारंच नाही. न्यायालयात जाण्याचा हक्क पूर्णपणे बंद करणारा करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २८ नुसार निरर्थक ठरतो.

शेवटचा युक्तिवाद म्हणजे हा दोन व्यक्तींमधला खासगी मामला आहे, सरकारनं आणि समाजानं त्यात पडू नये. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीचं उदाहरण याला पुरेसं उत्तर आहे. या कंपनीनं स्तनांच्या इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरलं. २०१० मध्ये ही इम्प्लांट्स बाजारातून काढली गेली, तोवर ती जगभरच्या लाखो स्त्रियांच्या शरीरात गेली होती. संस्थापकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पण इम्प्लांट काढायची कोणी, कोणाच्या पैशानं? फ्रान्स सरकारनं काढण्याचा खर्च उचलला. केवळ सौंदर्यासाठी बसवलेल्यांना नवी मात्र स्वतःच्या पैशानं घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये खासगी क्लिनिकांनी हात वर केले किंवा ती बंद झाली, तेव्हा सरकारी आरोग्यसेवेला ते काम अंगावर घ्यावं लागलं. खासगी नफ्याचा मामला बिघडल्यावर सार्वजनिक झाला. त्यानंतरच्या पाहणीत सर ब्रूस किओ यांनी २०१३ मध्ये लिहिलं की फिलरसारखे उपचार घेणाऱ्याला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्याइतकंच संरक्षण आहे.

आपल्याकडे परिस्थिती याहून सैल आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण कोणी करावं, हे बजावावं लागलं आणि व्हिडिओ बघून शिकणं हे प्रशिक्षण नव्हे, असंही सांगावं लागलं. २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा जीव गेला होता. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी शुश्रूषागृहांना रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावायला सांगितले, पण खाटा नसलेली क्लिनिकं त्या चौकटीबाहेर राहतात. केसांचा आणि त्वचेचा बहुतेक धंदा तिथेच चालतो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या प्रत्येक अंदाजपत्रकात सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, इम्प्लांट आणि नंतरच्या भेटी यांचे आकडे वेगळे असावेत. काय साधायचं ठरलं, ते दोघांनी मान्य केलेल्या फोटोंसह नोंदवलेलं असावं. त्याखाली फेरशस्त्रक्रियेच्या तीन शक्यता लिहाव्यात. तंत्रातली उणीव राहिली तर सगळा खर्च सर्जन किंवा क्लिनिकचा. उणीव नाही, पण जखम भरताना बिघडलं, तर सर्जनची फी माफ आणि बाकीचा खर्च आधी लिहिलेल्या दरानं रुग्णाचा. ठरलेलं साधलं, पण रुग्णाचं मन बदललं, तर सर्व खर्च रुग्णाचा. कोणती शक्यता लागू होते यावर एकमत झालं नाही, तर दोघांनी मिळून निवडलेल्या तिसऱ्या सर्जनचं मत घ्यावं आणि त्याची फी निम्मी निम्मी वाटावी. सहीआधी किमान चौदा दिवस जावेत, त्याआधी भरलेली रक्कम परत मिळावी, आणि पैसे परत देताना तोंड बंद ठेवण्याची अट नसावी.

यानं दर वाढतील, असं म्हटलं जाईल. थोडे वाढतीलही. पण तो वाढीव आकडा आजही अस्तित्वात आहे. फरक इतकाच की तो आज फक्त दुर्दैवी रुग्णाच्या माथी पूर्ण बसतो. अनेक चांगले प्लास्टिक सर्जन वर्षाच्या आत लागणाऱ्या छोट्या दुरुस्तीची स्वतःची फी आजही घेत नाहीत. ती चाल त्यांनी लिहून दिली तर त्यांचाच फायदा आहे. मन बदललेल्या रुग्णाच्या अवाजवी मागणीपासून तोच कागद त्यांना वाचवेल.

राष्ट्रीय वैद्यक आयोगानं हा नमुना बंधनकारक करावा, राज्य सरकारनं खाटा नसलेल्या क्लिनिकांनाही तो लावावा, आणि प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांनी त्याची वाट न पाहता तो आजपासून वापरावा. रुग्णानंही कोणाच्या आदेशासाठी थांबू नये. पहिल्या भेटीतच विचारावं: मनासारखं झालं नाही तर पुढे काय, किती काळात, कोणाच्या पैशानं? उत्तर लेखी मागावं. संमतिपत्रावर मृत्यूचा धोका लिहून घेणाऱ्याला दुसऱ्या बिलाचा आकडा लिहिणं जड जाऊ नये. तो लिहायला जो तयार नाही, त्याच्या टेबलावर झोपू नये.